शाहीर या शब्दाचं घर

काही वर्षांपूर्वी दादरच्या एका सभागृहात कविसंमेलन होतं. माझी पाळी आली तेव्हा सूत्रसंचालकांनी मोठ्या आपुलकीनं माझी ओळख करून दिली. म्हणाले, ''आता येताहेत आपले पाहुणे कवी. उर्दूसारख्या गोड भाषेचा वारसा घेऊन ते मराठीच्या अंगणात आलेत. कवितेआधी एखादा शेर होऊन जाऊ द्या!'' टाळ्या पडल्या आणि माझी पंचाईत झाली. कारण मला उर्दूत लिहिता येत नाही. लहानपणी कुराण शरीफ वाचायला शिकलो, त्यामुळे अक्षरं ओळखतो. पण उर्दूचं पान वाचायचं तर आजही ओळीखाली बोट ठेवावं लागतं. घरात आम्ही बोलतो ती रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांची बोली. शाळा लालबागची, म्युनिसिपालिटीची, मराठी माध्यमाची. बी.ए. केलं तेही मराठी घेऊन. आणि पाहुणा म्हणून मी आलो होतो तो लालबागहून, बसनं चार-पाच स्टॉप.

याच्या उलटही एकदा घडलं होतं. नागपाड्यात एका मुशायऱ्याला ऐकायला गेलो होतो. ओळख झाल्यावर एका बुजुर्ग शायरांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, ''मियाँ, मराठी में क्यों लिखते हो? अपनी ज़बान में लिखो.'' त्यांच्याही मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात आलं की, एका सभेत मी मराठीचा पाहुणा आणि दुसऱ्या सभेत उर्दूचा हरवलेला मुलगा. मग माझं घर कुठं?

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पण या दोन प्रश्नांनी मला इतिहासाकडे ढकललं, आणि पहिली गाठ पडली ती एका शब्दाशी. 'शाहीर'. मराठी माणसाच्या तोंडी याहून अधिक मराठी शब्द कुठला असेल? डफावर थाप पडली आणि कुणी 'जी जी जी' म्हणत पुढं आलं की आपल्याला सह्याद्री आठवतो. पण हा शब्द मूळचा अरबी, 'शाइर'. म्हणजे कवी. उर्दूत तो शायर झाला, मराठीत शाहीर झाला. ज्या डफावर थाप पडते त्या डफाचं नावही तिकडूनच आलेलं. नागपाड्याचे ते बुजुर्ग शायर आणि आमचे शाहीर हे एका शब्दाचे दोन मुलगे. दोघांनी वेगवेगळी घरं केली आणि पुढं एकमेकांकडे जाणं-येणं राहिलं नाही, एवढंच.

शब्द आला, तशी माणसंही आली. उत्तर पेशवाईतल्या शाहिरांची यादी काढून बघा. राम जोशी सोलापूरचे ब्राह्मण. होनाजी गवळ्याच्या घरातला. आणि सगनभाऊ हा मुसलमान, धंद्यानं शिकलगार, म्हणजे तलवारी-सुऱ्यांना धार लावणारा. होनाजी आणि सगनभाऊ यांच्या फडांतली चुरस पुण्यानं पाहिली. संगमनेरचे अनंत फंदी यांना 'फंदी' हे नाव मिळालं ते मलिक फंदी नावाच्या फकिराच्या सोबतीमुळं, असं सांगतात. त्याआधी सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' लिहिला, हुसेन अंबरखान यानं भगवद्‌गीतेवर मराठीत टीका लिहिली. तिकडे गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं येशूची कथा सांगायला मराठी ओवी निवडली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून झालं. यांपैकी कुणाला कुणी 'पाहुणे कवी' म्हटलं होतं की नाही, कोण जाणे. ज्यांना काही सांगायचं होतं त्यांनी समोरच्या माणसाला कळेल त्या भाषेत आणि त्याच्या ओळखीच्या छंदात सांगितलं.

हे सगळं वाचलं तेव्हा बरं वाटलं. पण तीनशे वर्षांपूर्वीचा आधार रोजच्या जगण्याला पुरत नाही. मला जवळचा आधार हवा होता. तो सापडला तो आमच्याच चाळीच्या आसपास.

माझे वडील, त्यांना आम्ही अब्बा म्हणत असू, १९५५ मध्ये सतराव्या वर्षी बोटीनं मुंबईला आले. आधी माझगावात गावच्या जमातीच्या खोलीत राहिले. मग परळच्या एका मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले आणि पुढं साचेखात्यात कायम झाले. साचे म्हणजे माग. त्या खात्यात मदनपुऱ्यात राहणारे उत्तरेकडचे मोमीन विणकर होते, साताऱ्या-कोल्हापूरकडचे घाटावरचे गडी होते, कोकणातले आम्ही होतो. एक पूर्वीची गोष्ट मात्र इथं सांगायलाच हवी. दलित कामगाराला या खात्यात बराच काळ प्रवेश नसे. धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि त्याचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. म्हणून 'गिरणगाव म्हणजे सगळ्या जातिधर्मांची एकी' असं कुणी सरसकट म्हटलं की मी जरा थांबतो. एका छपराखाली काम केल्यानं माणसं आपोआप एक होत नाहीत. त्यासाठी कुणाला तरी वेगळं काही करावं लागतं.

ते तिघांनी केलं. वाटेगावाहून पायी मुंबईत आलेले, मातंग समाजातले, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेले अण्णा भाऊ साठे. सीमाभागातून आलेले द. ना. गव्हाणकर, आणि बार्शीचे महबूब हुसेन पटेल, ज्यांना महाराष्ट्र अमर शेख या नावानं ओळखतो. १९४४ मध्ये या तिघांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. धोट्याला ज्याचं तोंड चालत नव्हतं अशा समाजातल्या माणसानं शब्द लिहायचे आणि मुसलमानाच्या घरातल्या माणसानं ते पहाडी आवाजात गायचे, हे गिरणगावानं समोर बसून पाहिलं.

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६चा. गरिबीतलं घर. बार्शीत गिरणीत काम, संप, तुरुंग हे सगळं त्यांनी तरुणपणीच पाहिलं. पण त्यांचं गाणं आलं ते आई मुनेरबीकडून, तिच्या तोंडच्या लोकगीतांतून. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मुसलमान मुलगा मराठी गाणं शिकला ते कुठल्या शाळेत किंवा सभेत नाही, तर आईच्या मांडीशी. माझी आईही अशीच पहाटे जुन्या गाण्यांच्या ओळी गुणगुणत कामाला लागे. त्या ओळींत अल्लाचं नाव असे, माहेरच्या वाटेवरच्या फणसाचं झाड असे आणि सासू असे. ही कुठली संस्कृती आणि ती कुठली, असा प्रश्न त्या गाण्यात कधी आला नाही. तो नंतर सभागृहात आला.

या कलापथकाच्या काळातली एक रचना मला पुन:पुन्हा विचार करायला लावते. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढाईचा निकाल १९४३च्या फेब्रुवारीत लागला. अण्णा भाऊंनी त्यावर पोवाडा रचला. व्होल्गा नदी त्यांनी पाहिलेली नव्हती, रशियन भाषा त्यांना येत नव्हती. रशियाला ते प्रत्यक्ष गेले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९६१ मध्ये. मग हजारो मैलांवरच्या शहराची लढाई लालबाग-परळच्या कामगाराला कशी पोचवायची? वर्तमानपत्रातल्या बातमीनं ती पोचली नसती, कारण वाचणारे थोडे. पण गड, वेढा, हल्ला आणि शेवटच्या माणसापर्यंतची झुंज हे सगळं पोवाड्याच्या घरचंच. शिवकाळात तुळशीदासानं सिंहगडाचा पोवाडा गायला, त्याच घाटात आता स्टालिनग्राड आलं. परक्या देशाची गोष्ट परक्या रूपात न देता आपल्या रूपात दिली की ती परकी राहत नाही. भाषांतरावर आज परिसंवाद होतात, शोधनिबंध वाचले जातात. पण लालबागच्या मैदानात बसलेल्या माणसाला त्या रात्री व्होल्गेचं पाणी आपलंसं वाटलं असेल, तर ते भाषांतर उत्तमच म्हणायचं.

पोवाड्याशी माझी एक जुनी अढीही होती. ती लपवत नाही. शाळेत अफझलखानाच्या वधाचा पोवाडा लागला की वर्गातली दोन-चार डोकी मागं वळून माझ्याकडे बघत. जणू खान माझा मामा! एकदा रडवेला होऊन घरी आलो आणि अब्बांना सांगितलं. ते पहिल्या पाळीवरून येऊन चहा पीत बसले होते. हसले आणि म्हणाले, ''अरे, महाराजांच्या आरमारावर दौलतखान होता. आपण दर्याकडची माणसं. आपण दौलतखानाकडचे.'' तो धडा आमच्या पुस्तकात नव्हता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ताठ बसलो. त्यानंतर पोवाडा माझाही झाला.

अब्बांनी अमर शेखांना ऐकलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, त्यात कामगार पडले, आणि गिरणगाव पेटलं. पुढची चार-पाच वर्षं आचार्य अत्रे, डांगे, एस. एम. जोशी यांच्या सभा होत आणि सभेआधी शाहिरांचा डफ वाजे. अमर शेख, अण्णा भाऊ आणि गव्हाणकर यांच्या आवाजानं ती मैदानं भरत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, त्यात या आवाजांचा वाटा मोठा आहे. परळच्या कामगार मैदानावर अशाच एका रात्री अब्बा गर्दीत बसले होते. मुंबईत येऊन वर्षही झालं नव्हतं. आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं. अब्बा पुढं नेहमी सांगत, ''समोर तो माणूस गात होता. माइक असून नसल्यासारखा. बाजूच्या गड्यानं माझ्या पुढ्यात शेंगदाण्याची पुडी धरली. त्या रात्री मला कुणी नाव विचारलं नाही. नि विचारलं असतं तरी सांगायला भ्यालो नसतो.''

अमर शेख हे केवळ गायक नव्हते. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह. अत्र्यांनी त्यांची तुलना रशियाच्या मायकोव्हस्कीशी केली. पण मैदानातल्या आवाजाचं एक दुर्दैव असतं. गर्दी पांगली की आवाज राहत नाही, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या कानांवर तो फारसा गेलेला नसतो. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. माझा जन्म त्याच वर्षीचा. म्हणजे ज्या माणसामुळं मला माझं घर सापडलं, त्याला मी कधी ऐकलं नाही. आमच्या चाळीतल्या रेडिओवर संध्याकाळी 'कामगार सभा' लागे. त्यात पोवाडा लागला की अब्बा म्हणत, ''चांगला आहे. पण तो आवाज नाही.''

आता नागपाड्याच्या बाजूनं बघू. ज्या काळात परळमध्ये डफ वाजत होता, त्याच काळात दीड-दोन मैलांवर उर्दूतले मोठमोठे लेखक राहत होते. भारतीय जननाट्य संघ म्हणजे इप्टा मुंबईतच १९४३ मध्ये सुरू झाला. अली सरदार जाफरी, कैफी आझमी, कृश्न चंदर ही त्या वर्तुळातली माणसं, आणि आमचे शाहीरही इप्टाच्या मंचावर जात. तरीही मदनपुऱ्यातला विणकर अमर शेखांची कविता वाचत नव्हता आणि लालबागमधला मराठी वाचक कृश्न चंदर वाचत नव्हता. एकाच साचेखात्यात शेजारी उभे राहणारे दोघे, पण त्यांच्या पुस्तकांची कपाटं वेगळी.

ही दोन कपाटं एकमेकांकडे उघडण्याचं काम एका शाळेच्या शिपायानं केलं. नारायण सुर्वे. जन्मल्यावर कुणीतरी टाकून दिलेलं हे मूल गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी उचललं, वाढवलं. आपण कुठल्या जातीचे, कुठल्या धर्माचे हे सुर्व्यांना स्वत:लाही कधी कळलं नाही. परळच्या चाळीत वाढले, शाळेत आधी शिपाई होते, पुढं शिक्षक झाले. १९६६ मध्ये त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह आला. नाव वाचताच गोर्कीच्या आत्मकथेचा तिसरा भाग आठवतो, कारण त्याचंही नाव तेच. आणि त्याच वर्षी सुर्व्यांनी कृश्न चंदर यांच्या कथा मराठीत आणल्या, 'तीन गुंड आणि सात कथा' या नावानं. एका हातानं स्वत:ची कविता लिहायची आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या भाषेतली गोष्ट आणायची, हे ज्याच्या विद्यापीठाच्या भिंती म्हणजे मुंबईचा रस्ता होता, त्यालाच सुचलं.

सुर्व्यांच्या कवितेत याकूब नालबंदवाला भेटतो, आफ्रिकी चाचा भेटतो, 'शीगवाला' या कवितेत दाऊद चाचा भेटतो. आणि दाऊद चाचा पुस्तकी मराठी बोलत नाही, तो मुंबईच्या रस्त्यावरची मिसळीची भाषा बोलतो. सुर्व्यांनी ती सोवळी करून घेतली नाही. मी कॉलेजात असताना ही कविता वाचली आणि दचकलो. आमच्या चाळीखालच्या खाटकाची भाषा मराठी कवितेत बसू शकते, तर माझ्या आईची बोलीही बसेल! मी लिहायला लागलो तो त्यानंतर.

पण कवितेनं सगळं सुरळीत होतं, असं मी म्हणणार नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळजण परत आत गेलेच नाहीत. अब्बाही त्यांतले. ज्या मैदानांत शेजारी शेंगदाणे पुढं करत होता, ती मैदानं रिकामी झाली. आणि मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आले. ती दंगल ज्यांनी पाहिली त्यांना वर्णन नको, ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. एवढंच सांगतो. एका दुपारी शेजारच्या काकू आल्या. काही बोलल्या नाहीत. आमच्या दारावरची नावाची पाटी त्यांनी स्वत:च्या हातानं काढली, पदराखाली घेतली आणि आपल्या घरात नेऊन ठेवली. महिन्याभरानं ती पुसून, स्वच्छ करून परत आणून लावली. अब्बांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. कामगार मैदानावर ज्याला नाव सांगायची भीती वाटली नव्हती, त्या माणसाचं नाव एक महिना शेजारणीच्या कपाटात होतं.

सुर्व्यांचा याकूब दंगलीत मरतो. ती कविता या दंगलीच्या पंचवीसहून अधिक वर्षं आधीची. म्हणजे कवितेनं आधी सांगून ठेवलं होतं आणि तरी शहरानं ऐकलं नाही. मग लिहायचं कशाला? या प्रश्नाचं माझ्याकडे मोठं उत्तर नाही. छोटं आहे. काकू शाळा फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण त्यांचे यजमान साचेखात्यातले, अब्बांबरोबर मैदानात बसणारे. पाटी काढून नेणारे हात कुठून येतात, याचा विचार करताना मला नेहमी तो डफ आठवतो. सगळी मैदानं वाया गेली नव्हती.

१९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. वेगळी चूल कशाला, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. हमीद दलवाईंसारखा कोकणातला लेखक 'इंधन' ही कादंबरी १९६५ मध्ये लिहून गेला होता. मग वेगळ्या मांडवाची गरज काय? मला हा प्रश्न पूर्ण चुकीचा वाटत नाही. पण मोठ्या मांडवात ज्याला दरवेळी 'पाहुणे' म्हणून हाक मारतात, त्याला कधीतरी आपल्या घरी बसून बोलावंसं वाटतं, यात नवल नाही. त्या घराची भाषाही मराठीच होती.

तर, दादरच्या त्या सभागृहात माइकसमोर उभा असताना मी काय केलं? मी म्हणालो, ''शेर मला येत नाही, माफ करा. मी पाहुणाही नाही. मी शाहिरांच्या गल्लीतला आहे.'' आणि माझी मराठी कविता वाचून खाली बसलो. सूत्रसंचालक भले गृहस्थ, नंतर येऊन दिलगिरी व्यक्त करून गेले.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. कवितेबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, ''वडील कुठल्या मिलमध्ये होते?'' मी सांगितलं. ''खातं कुठलं?'' म्हटलं, ''साचेखातं.'' त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ''तरीच.''

माझं नाव त्यांनी विचारलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)